चौथ्या रोलातले हत्ती

आफ्रिकेत सिंह एकच आहे आणि तो आळशी आहे, असं माझं अनुभवावरून बनलेलं मत आहे. आफ्रिकेला मी कधी गेलेलो नाही. पण दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या एका कलर लॅबमध्ये मी बारा वर्षं रोल धुतले. दर ऑगस्ट-सप्टेंबरात सुट्टी संपवून आलेली माणसं केनिया आणि टांझानियाचे रोल आमच्या काउंटरवर ओतायची. सगळ्यांचा सिंह एकाच झाडाखाली, एकाच कुशीवर झोपलेला. सगळ्यांच्या जिराफाची मान वरच्या कडेला कापलेली. सगळ्यांच्या हत्तींमागे तोच बर्फाचा डोंगर. फोटोतले नवरा-बायको तेवढे वेगळे असायचे.

ही हकीकत २००२ सालची. डिजिटल कॅमेरे दुकानांच्या काचेत येऊन बसले होते आणि आमचं काम रोडावलं होतं. मॅनेजर दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचा की डिसेंबरात तीन ऑपरेटरांतला एक कमी करावा लागेल. कोण, ते सांगायचा नाही. "जिसका कंप्लेंट आएगा, उसका खलास," एवढंच म्हणायचा. त्यामुळे आम्ही तिघेही एकमेकांशी संशय यावा इतके गोड वागायला लागलो होतो.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दहाच्या ठोक्याला राजाभाऊ आले. पुण्याचे, वय शहात्तर, दोह्याच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातात कापडी पिशवी. त्यांचा मुलगा नंदू गॅस कंपनीत इंजिनियर होता, अल अझीझियात राहायचा. त्याने वडिलांना आठ दिवस केनियातली अभयारण्यं दाखवून आणली होती. सून नीता त्यांना आमच्या दाराशी सोडून पुढे कामाला गेली. राजाभाऊंनी पिशवीतून सात रोल काढून काउंटरवर ओळीने उभे केले. प्रत्येकावर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर आकडा.

"नंबर से धोना. एक के बाद दो," ते म्हणाले.

"मशीनला नंबर कळत नाही, काका," मी मराठीत म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला जवळून न्याहाळलं. "मशीनला नसेल कळत. तुम्हाला कळतो ना?"

पुणेरी माणूस दुसऱ्याच वाक्यात ओळखू येतो. मी सात पाकिटांवर सात आकडे लिहिले. ते वाकून बघत होते. "अक्षर चांगलं आहे हो तुमचं! मराठी शाळा?"

"रत्नागिरी. जिल्हा परिषदेची."

"वाटलंच," ते म्हणाले, आणि रोलांची गोष्ट तिथेच बाजूला पडली.

त्यांची अडचण वेगळीच होती. त्यांना सगळ्या फोटोंच्या मागे मजकूर लिहून हवा होता, मराठीत, सविस्तर. स्वतःचा हात थरथरायचा आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फोटोत हत्ती आहे की झाड, एवढं त्यांना दिसायचं, पण हत्ती किती ते मोजता यायचं नाही. नातू मिहीर मराठी समजायचा, पण उत्तर इंग्रजीत द्यायचा, आणि देवनागरी लिहिण्याच्या नावाने आनंदच होता. नीताने हौसेने सुरुवात केली होती. सासऱ्यांनी चार ओळी सांगितल्या की ती 'हत्ती, सकाळ' एवढंच लिहायची.

"हत्ती सकाळचा आहे हे फोटो बघूनही कळतं," राजाभाऊ वैतागून म्हणाले.

मी हो म्हटलं आणि माझं नाव सांगितलं, फैसल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोह्यात माझ्या मराठी अक्षराचं कौतुक करणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

आता चूक सांगतो. चूक माझीच होती, त्यात मशीनला दोष नाही.

त्याच दुपारी पावणेतीनला वीज गेली आणि अर्ध्या मिनिटात परत आली. दिवे लागले, एसी सुरू झाला, पण फिल्म धुण्याचं मशीन अडून बसलं. आत चौथा रोल होता. अशा वेळी काय करायचं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. झाकणाला हात लावायचा नाही, दिवे घालवायचे, अंधारात चाचपून फिल्म काढायची. पण फिल्म औषधात पडून राहिली तरी जळते, आणि मॅनेजर मागून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. मी घाबरलो आणि झाकण उघडलं. वर ट्यूबलाइट लख्ख पेटलेली. फिल्म बाहेर आली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. काळ्या निगेटिव्हचा फोटो पांढरा येतो. छत्तीस फोटो, छत्तीसही पांढरे.

मॅनेजर तोवर फोनवर बोलत बाहेर गेला होता. मी फिल्म गुंडाळून पाकिटात घातली आणि खालचा खण उघडला. त्या खणात गिऱ्हाइकांनी न नेलेली पाकिटं पडून असायची. बदली होऊन देश सोडून गेलेली माणसं फोटो न्यायला विसरतात. तिथे एका कुटुंबाचे तीन वर्षांपूर्वीचे दोन रोल होते, केनियाचेच. हत्ती, धूळ, मागे बर्फाचा डोंगर. माणसं असलेले फोटो मी वगळले आणि उरलेल्यांतून छत्तीस काढले. चार नंबरच्या पाकिटात ते व्यवस्थित बसले. सगळ्यांचे फोटो सारखेच असतात, हे माझं मत मी असं कामाला लावलं.

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. नूरी पोरीची, हिबाची, वेणी घालत होती. ऐकून तिचा हात थांबला.

"मंग सांग ना त्यांना."

"सांगून काय? कंप्लेंट झाली की नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा जाईल. हत्ती तर हत्तीच हायत."

"खुळा झालास काय? उद्या माझा फोटो हरवला म्हणून दुसऱ्या बाईचा लावलास, तर तुझ्या आईस चालंल? बाई ती बाईच."

हिबा खुदकन हसली. मी जेवायला बसलो, पण मासा ताटात तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवसापासून आमचं लिखाण सुरू झालं. दहाला नीता त्यांना सोडायची, साडेअकराला न्यायला यायची. सकाळी गिऱ्हाईक नसायचं, म्हणून मॅनेजरही काही बोलायचा नाही. राजाभाऊ वही डोळ्यांजवळ धरून भिंगातून वाचायचे आणि मी फोटो उलटा करून मागे लिहायचो. वहीसुद्धा काय वही होती! प्रत्येक फोटोचा आकडा, वेळ, वारा कुठून, कोण कुठे उभं, सगळं गाडीतूनच दुर्बिणीने बघून, फक्त त्यांनाच लागेल अशा वेड्यावाकड्या अक्षरात टिपलेलं. आयुष्यभर त्यांनी हवामानाच्या नोंदी घेण्याचंच काम केलेलं, ती सवय सफारीतही सुटली नव्हती.

"सिंह नाही एकसुद्धा?" मी दुसरा रोल संपता संपता विचारलं.

"नाही. सिंह चौथ्या रोलात गेला," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ही सहल त्यांची नव्हतीच, त्यांच्या पत्नीची होती. हत्ती मोकळ्यावर बघायचे, साखळी नसलेले, ही तिची लग्नाच्या आधीपासूनची इच्छा. नंदूने दोघांची तिकिटं काढली. मार्चमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. राजाभाऊ जाणार नाही म्हणाले तेव्हा तिने खाटेवरूनच त्यांना दम भरला. तुम्ही जा, आणि माझ्यासाठी सगळं टिपून आणा, काही गाळू नका, म्हणाली. तिची बहीण सोबतीला येऊन राहिली आणि हे आले. वही होती ती तिच्यासाठी, आणि आमचा अल्बमही तिच्यासाठीच.

"आणि चौथा रोल?" मी विचारलं. विचारायची हिंमत कुठून आली कोण जाणे.

"सहाव्या दिवशी सकाळी एका मेलेल्या हत्तिणीच्या हाडांपाशी कळप आला. आम्ही जवळच होतो. तेवढ्यात ड्रायव्हरच्या रेडिओवर निरोप, पलीकडे सिंह सापडलाय, या. सगळ्या गाड्या तिकडे पळाल्या. नंदूही म्हणाला, बाबा, चला. मी म्हटलं, इंजिन बंद कर. सव्वा तास आम्ही तिथे होतो. सिंह निघून गेला आणि नंदू दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पण फैसल, बाकीचे सहा रोल हरवले तरी चालतील. ते तिला दाखवायचंय."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी तिसऱ्या रोलाचं पाकीट पुढे ओढलं.

तिसरा रोलही संपला. गुरुवारी सकाळी राजाभाऊ पाच मिनिटं आधीच आले. दाढी गुळगुळीत, शर्ट कडक इस्त्रीचा. मी चार नंबरचं पाकीट उघडून पहिला फोटो पालथा ठेवला आणि पेन उघडलं.

"एक," ते वाचू लागले. "सहा बेचाळीस. सात हत्तिणी, दोन पिल्लं. पुढचीचा डावा कान फाटलेला. वारा पूर्वेकडून."

मी १ लिहिलं. ६.४२ लिहिलं. मग 'सात' लिहायला घेतलं. कागदाच्या पलीकडच्या बाजूला चार हत्ती होते, चारही हत्तींचे कान धड होते आणि भर दुपारचं ऊन होतं. तिकडे पुण्यात ती बाई खाटेवर पडून फोटो बघणार, मग उलटा करून माझं अक्षर वाचणार, मग पुन्हा फोटो बघून फाटका कान शोधणार. तिचे डोळे चांगले होते. तिला वाटणार, नवऱ्याला आता दिसत नाही, नाहीतर त्याला भलतंच दिसतं. हे मला आधी सुचलंच नव्हतं. खणात हात घालून फोटो बदलता आले होते, पण तेच खोटं माझ्या हाताने मराठीत लिहिता येईना.

"लिहिलंत?"

"काका, हे तुमचे हत्ती नाहीत."

सांगून टाकलं सगळं. वीज, झाकण, खण. मान खाली घालून बोललो.

"वीज किती वाजता गेली?"

"पावणेतीन."

त्यांनी वही उघडली आणि ते टिपलं. "हे हत्ती कोणाचे?"

"एक कुटुंब होतं. बदली होऊन गेलं."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

त्यांनी वही पिशवीत घातली, उठले, आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. नीता यायला अजून सव्वा तास होता. सव्वा तास ते बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले. मी पाणी नेऊन ठेवलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. मॅनेजरने जाऊन विचारलं, "अंकल, कोई प्रॉब्लेम?" तेव्हा ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम." त्यांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ते गेल्यावर मी मॅनेजरच्या टेबलापाशी गेलो आणि त्यालाही सांगितलं. "कस्टमर ने तो कुछ नहीं बोला," तो म्हणाला. मी म्हटलं, "मैं बोल रहा हूँ."

शुक्रवार सुट्टीचा गेला. नूरीने काही विचारलं नाही, मासाही केला नाही. शनिवारी ते येणार नाहीत असं धरूनच मी गेलो होतो. दहाला दार उघडलं आणि राजाभाऊ आत आले. पिशवी तीच. स्टुलावर बसले.

"तरुणपणी मी डोंगरातल्या एका लहानशा हवामान केंद्रावर होतो," त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "एकटाच. गावात जत्रा होती. मी कुस्त्या बघत बसलो आणि दुपारची नोंद चुकली. परत येऊन सकाळचा आकडा पाहिला, संध्याकाळचा पाहिला आणि मधला अंदाजाने भरला. कोणाला कळलं नाही. तो आकडा पुढे छापून आला, अजूनही कुठल्यातरी तक्त्यात असेल. चाळीस वर्षं मला तो आकडा पाठ आहे. बाकीचे सगळे विसरलो."

मी चार नंबरचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"नोंद चुकली तर रकाना कोरा ठेवायचा. मनाने भरायचा नाही. पण रकानाच गाळायचा, असंही नाही." त्यांनी बोटाने काउंटरवर टकटक केलं. "मला माझा चौथा रोल छापून द्या."

"त्यात काही नाही, काका. सगळे पांढरे येतील."

"ते मला समजलं. छापा."

मी काळी फिल्म मशीनला लावली आणि छत्तीस फोटो छापले. माझ्या हातून इतके स्वच्छ फोटो कधी निघाले नव्हते. त्या कुटुंबाचे हत्ती मी परत त्यांच्या पाकिटात घालून खण बंद केला. मग जाड काळं पेन घेऊन बसलो. मागे लिहायची आता गरज नव्हती, म्हणून मजकूर पुढेच लिहिला, मोठ्या अक्षरात, सगळ्या कागदभर.

'१. ६.४२. सात हत्तिणी, दोन पिल्लं. पुढचीचा डावा कान फाटलेला. वारा पूर्वेकडून.'

'९. ६.५८. सगळ्या हाडांभोवती उभ्या. आवाज नाही.'

'१७. ७.१४. फाटक्या कानाचीने जबड्याचं हाड सोंडेने उचललं, फिरवलं, परत तिथेच ठेवलं.'

'२३. ७.२६. लहान पिल्लू पायांमधून पुढे आलं. त्याला कोणी हटकलं नाही.'

राजाभाऊ वाचत होते, मी लिहीत होतो. मधे एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला आलं, त्याला मी हातानेच थांब म्हटलं. इतकी वर्षं माझ्या हातातून हजारो हत्ती गेले असतील. कळपात पुढे कोण चालतं आणि मागे कोण राहतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही कोऱ्या कागदावर.

"पस्तीस. सात पन्नास. सगळ्या निघाल्या. धूळ." त्यांनी पान उलटलं. भिंग पुसलं, पुन्हा डोळ्याला लावलं. "छत्तीस. सात बावन्न. फाटक्या कानाची एकटीच परत आली. मागचा पाय हाडांवर अलगद टेकवून उभी राहिली." ते थांबले. मी पेन उचलून धरलं होतं. "फोटो काढला नाही."

"हेही लिहू?"

"लिहा. नोंद आहे ती."

मी लिहिलं. मग न राहवून विचारलं, "का नाही काढलात, काका?"

"हात उचलला नाही," ते म्हणाले. त्यांनी तो कागद माझ्या हातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, माझी शाई सुकली आहे की नाही ते बोटाने पाहिलं. "म्हणजे हा फोटो तुमच्या हातून बिघडला नाही, फैसल. पस्तीसच बिघडले."

पुणेरी माणूस माफसुद्धा मोजून करतो. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही लपवण्यासाठी मी खाली वाकून पाकीट शोधायला लागलो.

पुढच्या चार दिवसांत उरलेले तीन रोल झाले आणि महिनाअखेरीला राजाभाऊ अल्बम हातातल्या पिशवीत घेऊन पुण्याला गेले. सामानात द्यायला त्यांनी साफ नकार दिला, असं नीता सांगत होती. डिसेंबरात कमी झालेला ऑपरेटर मीच. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याने सूक वाकिफ बाजाराजवळच्या एका पासपोर्ट फोटोवाल्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि व्हिसा वाचला. पुढे दोन वर्षांत त्या लॅबचं मशीनही विकलं गेलं.

पण त्याच्या आधी, ऑक्टोबरात, लॅबच्या पत्त्यावर माझ्या नावाने पुण्याहून एक पत्र आलं होतं. अक्षर मोठं होतं आणि डाव्या हाताने कागद धरता न आल्यामुळे ओळी तिरक्या गेल्या होत्या. मी ते नूरीला वाचून दाखवलं, हिबालाही दाखवलं.

'चि. फैसल यांस अनेक आशीर्वाद. अल्बम पोचला. तुमचं अक्षर सुंदर आहे. एक तक्रार आहे. बाकीच्या सहा रोलांतले हत्ती फार लहान आले आहेत. चौथ्यातले बरोबर आहेत. तो रोल मी यांच्याकडून रोज संध्याकाळी वाचून घेते. पस्तीसपर्यंत नीट वाचतात आणि छत्तिसाव्याला थांबतात. मग पुढचं मी म्हणते. मला ते पाठ झालं आहे.'